छोट्या कर्नलचा बूट प्रवेश-कोड : काय ठेवावे आणि काय काढावे?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. रावेर तालुक्यात केळीच्या बागांसाठी ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारे नियंत्रक मी बनवतो. एका पेटीत आठ व्हॉल्व्ह, पाण्याच्या दाबाचा एक सेन्सर, एक मोडेम आणि एसटीएम३२एफ१०३सी८ ही चिप असते. तिच्यात कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर, ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम आहे. त्यावर आम्ही दोघांनी मिळून लिहिलेले एक लहान कर्नल (वेगवेगळ्या कामांना, म्हणजे टास्कना, आळीपाळीने प्रोसेसर देणारा मूळ प्रोग्राम) चालते. त्यात पाच-सहा टास्क, एक टाइमर आणि निरोपांच्या दोन रांगा आहेत, त्यापलीकडे फारसे काही नाही. मात्र या कर्नलची सुरुवात ज्या असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेतील) फाइलपासून होते, ती आता सव्वाचारशे ओळींची झाली आहे आणि तिला हात लावायला आम्ही दोघेही कचरतो.

फाइल एवढी का वाढली, हे आधी सांगतो. २०१२ साली आम्ही एलपीसी २१४८ या एआरएम-७ चिपवर काम सुरू केले, कारण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तेच बोर्ड मिळत असत. पुढे कॉर्टेक्स-एम३ आला तेव्हा जुना कोड काढून न टाकता त्याच फाइलमध्ये अटी घालून नवा कोड शेजारी बसवला. त्यानंतर वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टाइमरने) रीसेट केल्यास व्हॉल्व्हची नोंद रॅममध्ये टिकावी म्हणून ‘थंड सुरुवात’ आणि ‘गरम सुरुवात’ असे दोन मार्ग केले. क्रिस्टल (घड्याळाचे ठोके देणारा स्फटिक) चालू करून घड्याळ ७२ मेगाहर्ट्झवर नेण्याचे कामही तेथेच आले, रॅममध्ये ठरावीक नक्षी भरून स्टॅकचा (फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीच्या जागेचा) वापर मोजण्याची सोय तेथेच झाली आणि पहिले टास्क सुरू करण्याची खास वाटही तेथेच बांधली गेली.

गेल्या मे महिन्यात याची किंमत मोजावी लागली. एका बागेतील पेटी दर दोन-चार दिवसांनी मुकी होत असे. व्हॉल्व्ह वेळेवर उघडत, वेळेवर मिटत, पण मोडेमवरून एकही ओळ येत नसे, आणि लाईट बंद करून पुन्हा लावली की सगळे सुरळीत होई. कारण शोधायला तीन आठवडे लागले. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसत असे, त्या झटक्याने मोडेम अडकत असे, त्याच्या उत्तराची वाट पाहणारे टास्क थांबत असे आणि शेवटी वॉचडॉग चिपला रीसेट करीत असे. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणेच होते. परंतु वॉचडॉगच्या रीसेटनंतर कोड ‘गरम’ मार्गाने जात असे, आणि त्या मार्गात घड्याळ आधी लावले जाई व बीएसएस (सुरुवातीला शून्य असायला हव्या अशा चलांचा रॅममधील भाग) नंतर पुसले जाई. घड्याळाच्या फंक्शनने ‘सध्याचा वेग ७२ मेगाहर्ट्झ’ असे ज्या चलात लिहून ठेवले, ते चल बीएसएसमध्येच असल्याने पुढच्याच पायरीत शून्य होत असे. मोडेमशी बोलणाऱ्या सिरीयल पोर्टचा वेग ठरवणारा भाजक त्या शून्यावरून काढला जाई आणि पोर्ट गप्प बसे. कर्नलच्या टिकचा (वेळ मोजण्याच्या ठोक्याचा) आकडा मात्र हेडरमध्ये स्थिर लिहिलेला असल्याने बाकीचे सारे चालू राही, म्हणूनच दोष इतके दिवस लपून राहिला.

एका चलाची जागा बदलून हा दोष झाकता आला असता. पण दोन मार्ग आणि त्यांतील पायऱ्यांचे दोन वेगळे क्रम एका न वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असणे, हाच मूळ दोष आहे असे माझे मत झाले आहे. त्यामुळे फाइल पुन्हा पहिल्यापासून लिहावी असे ठरवले आहे. ‘सी भाषेत जे करताच येत नाही तेवढेच असेंब्लीत ठेवायचे’ हा नियम मनात आहे, पण त्याची सीमारेषा कोठे ओढावी याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. शिवाय पुढच्या आवृत्तीत आम्ही आरआयएससी-५ या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरच्या चिपवर जाण्याचा विचार करीत आहोत, तेव्हा तेथे ही रेषा किती सरकते हेही समजून घ्यायचे आहे.

वाघूर

तापीकाठ भाऊ, दोष नेमका सांगितलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी जळगावात अभियांत्रिकीच्या मुलांना हा विषय शिकवतो आणि दरवर्षी एकच गोष्ट पुन्हा सांगावी लागते : बूट कोड लिहिण्याआधी, रीसेटनंतर प्रोसेसर स्वतः काय करतो ते त्याच्या पुस्तिकेत वाचावे.

एआरएम-७ मध्ये पत्ता शून्यावर सूचना असत, पत्ते नसत. रीसेट झाल्यावर प्रोसेसर तेथील पहिली सूचना चालवू लागे आणि स्टॅक पॉइंटरमध्ये (स्टॅकचा चालू पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) काय असेल याची कोणतीही हमी नसे. त्यात भर म्हणजे सुपरवायझर, आयआरक्यू, एफआयक्यू, अबॉर्ट, अनडिफाइंड आणि युझर-सिस्टिम या मोडसाठी (प्रोसेसरच्या कामाच्या अवस्थांसाठी) सहा जागी स्टॅक पॉइंटरची वेगळी रजिस्टरे असत. प्रत्येक मोडमध्ये शिरून तो तो स्टॅक लावल्याखेरीज सी भाषेत पाऊल टाकता येत नसे. त्या काळी लांब असेंब्ली फाइल ही गरजच होती.

कॉर्टेक्स-एम मध्ये हे सारे बदलले. व्हेक्टर टेबलचा (रीसेट वगैरे घटनांच्या फंक्शनांच्या, म्हणजे हँडलरांच्या, पत्त्यांच्या यादीचा) पहिला शब्द, म्हणजे पहिले चार बाइट, हा मुख्य स्टॅकचा आरंभीचा पत्ता असतो आणि दुसरा शब्द रीसेट हँडलरचा पत्ता. रीसेटनंतर प्रोसेसर हे दोन्ही शब्द स्वतःच उचलतो. व्यत्यय (इंटरप्ट) आला की आर-० ते आर-३, आर-१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर ही आठ रजिस्टरे तोच स्टॅकवर ठेवतो, म्हणून व्यत्यय हाताळणारी फंक्शनेही साध्या सी मध्ये लिहिता येतात. आपल्या फाइलच्या पहिल्या शंभर ओळी ज्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत, तो प्रश्न या चिपवर शिल्लकच नाही. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर डीबगर लावून रीसेट करा, पहिल्याच सूचनेवर थांबा आणि स्टॅक पॉइंटर वाचा.

तेव्हा माझे मत असे की, कॉर्टेक्स-एम३ वर प्रवेशासाठी असेंब्लीची एकही ओळ लागत नाही. व्हेक्टर टेबल सी मधील एक स्थिर अ‍ॅरे करावा, रीसेट हँडलर साधे सी फंक्शन असावे, आणि त्यात एवढाच क्रम असावा : डेटा विभागाची (आरंभीच्या किमती असलेल्या चलांची) फ्लॅशमधून रॅममध्ये नक्कल, बीएसएस शून्य करणे, मग कर्नलची सुरुवात. यांतील पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण होण्याआधी कोणतेही जागतिक चल वाचायचेही नाही आणि लिहायचेही नाही.

तापीकाठ

सर, सांगितल्याप्रमाणे आत्ताच करून पाहिले. पहिल्या सूचनेवर थांबलो तेव्हा स्टॅक पॉइंटर षोडशमानात २०००५००० होता, म्हणजे २०००००००पासून सुरू होणाऱ्या २० केबी रॅमचा बरोबर वरचा टोकाचा पत्ता. आमच्या फाइलने तोवर एकही सूचना चालवलेली नव्हती. त्यानंतरच्या चौथ्या ओळीत आम्ही तोच आकडा पुन्हा त्याच रजिस्टरमध्ये भरत होतो. दहा वर्षे भरत होतो.

मेहरूण

वाघूर सरांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘सी मध्ये लिहा’ या सल्ल्यात एक खाच आहे आणि तिच्यात मी स्वतः पडलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जळगावातील डाळ मिलसाठी दाणे रंगावरून निवडणारी यंत्रे दुरुस्त करणे व त्यांची नियंत्रण कार्डे बनवणे हे माझे काम आहे.

एका कार्डात आम्ही काही वेगवान फंक्शने फ्लॅशऐवजी रॅममधून चालवत होतो आणि त्यांत मेमसेट हे मेमरी एकाच किमतीने भरणारे फंक्शनही होते. अशी फंक्शने डेटा विभागासोबतच फ्लॅशमधून रॅममध्ये नक्कल केली जातात. बूट फंक्शन सी मध्ये होते, त्यात आधी बीएसएस पुसण्याचा लूप आणि मग डेटाची नक्कल असा क्रम होता. वर्षभर ते उत्तम चालले. नंतर कंपायलरची नवी आवृत्ती घेतली आणि कार्डे विचित्र वागू लागली : सकाळी मिल सुरू करताना कार्ड उठत नसे, पण रीसेटचे बटण दाबले की उठत असे.

कारण असे होते की, ‘या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत शून्य भरा’ असा लूप दिसला की जीसीसी हा कंपायलर त्या जागी परस्पर मेमसेटची हाक घालू शकतो. १० व्या आवृत्तीपासून हे ‘ओ-२’ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवरही आपोआप होते. आमचे मेमसेट रॅममध्ये राहत होते आणि तेथे ते अजून पोहोचलेलेच नव्हते. रात्रभर वीज नसलेल्या रॅममध्ये वाटेल ते बिट असत आणि प्रोसेसर थेट हार्ड-फॉल्टमध्ये (गंभीर चूक झाल्यावरच्या हँडलरमध्ये) जाई. बटणाने रीसेट केल्यास मात्र वीज गेलेली नसल्याने मेमसेटची आधीची नक्कल रॅममध्ये तशीच पडून असे आणि कार्ड उठे. त्या काळात चाचणीच्या टेबलावर आम्ही दिवसभर बटणच दाबत असू. वायर काढून दहा मिनिटे थांबण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

यावरून माझ्या तीन सूचना आहेत. बूट फंक्शनची फाइल वेगळी ठेवून तिच्यापुरता हा लूप ओळखण्याचा पर्याय बंद करावा. मेमसेट आणि मेमकॉपी नेहमी फ्लॅशमध्येच ठेवावीत. आणि नव्या बूट कोडची चाचणी वीज पूर्ण तोडून, पुरेसा वेळ थांबून करावी.

अनेर

सर्वांना नमस्कार. मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे, शिरपूरला शिकतो. वाघूर सरांचा प्रतिसाद वाचून मी माझ्या बोर्डावर तसे फंक्शन लिहिले, पण बीएसएस पुसलेच जात नाही. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणता विभाग कोणत्या पत्त्यावर बसेल हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) बीएसएसच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन नावे दिली आहेत, सी मध्ये ती दोन ३२ बिटांची बाह्य चले म्हणून जाहीर केली आहेत, आणि पहिल्या चलाच्या किमतीपासून दुसऱ्याच्या किमतीपर्यंत लूप फिरवला आहे. यात कोठे चुकते आहे?

वाघूर

अनेर, लिंकर स्क्रिप्टमधील नावाला किंमत नसते, फक्त पत्ता असतो. तुम्ही ‘चलाची किंमत’ वाचता तेव्हा त्या पत्त्यावर रॅममध्ये जो कचरा पडला आहे तो वाचता. ती नावे अ‍ॅरे म्हणून जाहीर करा, म्हणजे नाव लिहिताच पत्ता मिळेल आणि किंमत वाचण्याची चूक होणारच नाही. सोबत स्क्रिप्टमध्ये दोन्ही टोके चार बाइटांच्या सीमेवर आहेत ना, हेही तपासा, नाहीतर शब्दाशब्दाने पुसणारा लूप शेजारच्या विभागाचा एखादा बाइट खाऊन टाकेल.

पांझरा

मी धुळ्याहून लिहिते आहे. वीजमीटरच्या फर्मवेअरवर (चिपमधील प्रोग्रामवर) काही वर्षे काम केले आहे. वरच्या चर्चेत एक गृहीतक न बोलता धरले गेले आहे, ते म्हणजे कर्नलमध्ये प्रवेश नेहमी हार्डवेअर रीसेटनेच होतो. तापीकाठ भाऊ, तुमच्या पेटीत मोडेम आहे, म्हणजे आज ना उद्या फर्मवेअर दूरूनच बदलण्याची मागणी येईल आणि कर्नलच्या आधी एक बूटलोडर (नवे फर्मवेअर भरून मग कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) बसेल. तेव्हा प्रोसेसर रीसेटच्या स्वच्छ अवस्थेत नसेल. व्हेक्टर टेबलचा पत्ता बूटलोडरच्या टेबलाकडे असेल, सिस-टिक (टिक देणारा टाइमर) चालू असेल, एखादा व्यत्यय उघडा असेल आणि स्टॅक पॉइंटर बूटलोडरच्या कामाच्या मध्यावर कोठेतरी असेल. अशा वेळी सी मधील रीसेट हँडलर बीएसएस पुसत असतानाच जुना टिक आला, तर अर्धवट रॅमवर जुन्याच टेबलातील हँडलर धावेल.

हे टाळण्यासाठी लोक प्रवेश-कोडमध्ये व्यत्यय बंद करा, स्टॅक पुन्हा लावा, टिक थांबवा, सगळे प्रलंबित व्यत्यय पुसा अशा ओळी वाढवत जातात आणि फाइल पुन्हा फुगते. माझा अनुभव असा की, ही जबाबदारी बूटलोडरवर टाकावी आणि तीही सर्वांत सोप्या रीतीने. बूटलोडरने आपले काम संपल्यावर न पुसल्या जाणाऱ्या रॅमच्या भागात एक खूण ठेवून सॉफ्टवेअर रीसेट करावा. रीसेटनंतर त्याने आपल्या अगदी पहिल्या ओळींत, कोणतेही उपकरण सुरू करण्याआधी, ती खूण पाहून मिटवावी, व्हेक्टर टेबलचा पत्ता कर्नलच्या टेबलाकडे वळवावा, त्या टेबलातील पहिला शब्द स्टॅक पॉइंटरमध्ये घालावा आणि दुसऱ्यावर उडी मारावी. मग कर्नलला दिसणारी अवस्था प्रत्येक वेळी हार्डवेअर रीसेटसारखीच असेल आणि त्याच्या प्रवेशाला एकच मार्ग राहील.

दुसरा मुद्दा पहिल्या टास्कचा. तुम्ही त्यासाठी खास वाट बांधली आहे असे लिहिले आहे. ती काय करते?

तापीकाठ

ताई, त्या वाटेत आम्ही टास्कचा स्टॅक पॉइंटर लावतो, कंट्रोल रजिस्टर बदलतो, टास्कच्या फंक्शनचा पत्ता रजिस्टरमध्ये घेतो आणि उडी मारतो. त्यानंतरचे सगळे बदल पेंड-एसव्हीच्या (टास्क बदलण्यासाठी मागून घ्यायच्या व्यत्ययाच्या) हँडलरमधून होतात. म्हणजे टास्क सुरू होण्याच्या दोन वेगवेगळ्या रीती आहेत, पहिल्या टास्कसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरी. आता लिहिताना लक्षात येते की ही ‘गरम’ आणि ‘थंड’ मार्गांचीच पुनरावृत्ती आहे.

पांझरा

मग ती वाट सरळ काढून टाका. नवे टास्क तयार करताना त्याच्या स्टॅकवर आपण एक खोटी चौकट रचतोच : वरच्या बाजूला हार्डवेअर उचलणारी आठ रजिस्टरे आणि त्याखाली हँडलरने उचलायची आर-४ ते आर-११ ही आठ. ही चौकट पाहून पेंड-एसव्हीला वाटते की हे टास्क आधी चालू होते आणि मध्येच थांबवले होते. पहिल्या टास्कलाही तेच लागू आहे. कर्नलने ‘चालू टास्क’ हा पॉइंटर रिकामा ठेवून पेंड-एसव्ही मागावा. हँडलरमध्ये एकच अट असावी, चालू टास्क नसेल तर जतन करण्याचा भाग ओलांडायचा. पुनर्स्थापनेचा भाग सर्वांना एकच.

येथे एक जागा मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. खोट्या चौकटीतील एक्सपीएसआरमध्ये २४ वा बिट, म्हणजे थंबचा बिट, एक असायलाच हवा. तो शून्य राहिला तर टास्कची पहिली सूचना चालण्याआधीच युसेज-फॉल्ट येतो, आणि रीसेटनंतर युसेज-फॉल्ट बंद असल्याने तो हार्ड-फॉल्ट म्हणून दिसतो. मग माणूस टास्कच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो.

एकदा पहिले टास्क सुरू झाले की सुरुवातीचा मुख्य स्टॅक फक्त व्यत्ययांच्या कामी येतो. रीसेट हँडलर तेथे कधीच परतत नाही, त्यामुळे त्याने वापरलेले शे-दोनशे बाइट अडकून पडतात. २० केबीत हे चालवून घेता येईल. ते वाचवण्यासाठी पुन्हा असेंब्ली वाढवू नये, असे मला वाटते.

मेहरूण

घड्याळाबद्दल कोणी लिहिले नाही. तापीकाठ भाऊ, आपली फाइल क्रिस्टल तयार झाल्याचा बिट येईपर्यंत वाट पाहते का? आणि तो बिट आलाच नाही तर?

तापीकाठ

वाट पाहते, आणि बिट आला नाही तर कायमची पाहते. गेल्या उन्हाळ्यात एका पेटीत नेमके हेच झाले. पत्र्याची पेटी, भर दुपारचे ऊन, बाहेरच ४४-४५ अंश असताना आत किती असेल याची कल्पना येईल, आणि क्रिस्टलच्या पायांशी सोल्डरिंग कच्चे होते. वॉचडॉग त्याच्या पुढच्या ओळीत सुरू होत असल्याने कोणीच त्याला तेथून सोडवू शकत नव्हते.

मेहरूण

तर तेही बूटमधून काढा. ही चिप रीसेटनंतर आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी आंदोलकावर आपोआप चालू झालेली असते. त्या वेगावर डेटा नक्कल करायला आणि बीएसएस पुसायला काही मिलिसेकंदच लागतात. कर्नल त्याच वेगावर उठू द्या, वॉचडॉग चालू करा आणि घड्याळ बदलणे हे एका सामान्य ड्रायव्हरचे काम करा. त्याने ठरावीक वेळ क्रिस्टलची वाट पाहावी, तो आला तर आधी फ्लॅशला दोन प्रतीक्षा-चक्रे द्यावीत आणि मगच ७२ मेगाहर्ट्झवर जावे. क्रिस्टल आला नाही तर ८ वरच राहून तशी नोंद मोडेमवरून पाठवावी. आतल्या आंदोलकाची चूक खोलीच्या तापमानाला साधारण एक टक्क्याच्या घरात असते. तासाभराच्या पाण्यात एक टक्का म्हणजे ३६ सेकंद. उन्हात ती काहीशी वाढेल, तरी केळीला त्याने फरक पडणार नाही. बंद पडलेल्या पेटीने पडेल.

टिकचा आकडा मात्र आता हेडरमध्ये ठेवून चालणार नाही. तो चालू वेगावरूनच काढावा लागेल.

सुकी नदी

मी संगणकातला माणूस नाही, रावेरकडे केळी लावतो आणि तापीकाठ यांच्या चार पेट्या माझ्या शेतात आहेत. त्यांनी धाग्याचा दुवा पाठवला म्हणून वाचत होतो. बरेचसे समजले नाही, पण ‘व्हॉल्व्हची नोंद टिकावी’ यावरून एक सांगावेसे वाटते. सुरुवात होताना सगळे व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे सुरक्षित, असे कोणी धरू नये. आमच्या मोटरीला ऑटोस्विच आहे. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. त्या वेळी पेटीने आठही व्हॉल्व्ह मिटवलेले असतील तर पाण्याला वाट राहत नाही आणि दाब सबमेन पाइपवर येतो. माझा एक सांधा असाच निसटला होता. रात्रपाळीची लाईट असल्यामुळे सकाळपर्यंत कोणाला कळले नाही आणि मृगबागेच्या नव्या रोपांत पाणी साचून राहिले.

पांझरा

सुकी नदी दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत महत्त्वाच्या प्रतिसादांपैकी एक आहे. व्हॉल्व्ह कोणत्या अवस्थेत न्यायचे हे मोटर, दाब आणि वेळापत्रक पाहून ठरवावे लागते, आणि हे तिन्ही कळण्यासाठी कर्नल, ड्रायव्हर आणि दाबाचा सेन्सर आधी उठलेले असावे लागतात. म्हणजे हा निर्णय बूट कोडने घ्यायचाच नाही. त्यातच ठिबकचे हे व्हॉल्व्ह बहुधा लॅचिंग जातीचे असतात. एका झटक्याने उघडतात, उलट्या झटक्याने मिटतात आणि वीज गेली तरी आहे त्या अवस्थेतच राहतात. तेव्हा रीसेटनंतर पहिले काही क्षण त्यांना हात न लावणे हेच योग्य.

तापीकाठ भाऊ, तुमचा ‘गरम’ मार्ग ज्यासाठी जन्मला, ते काम मार्गाशिवाय होते. लिंकर स्क्रिप्टमध्ये बीएसएसच्या बाहेर, लोड न होणारा एक वेगळा विभाग करा. बूट फंक्शन त्याला ओळखतच नाही, म्हणून तो पुसलाही जात नाही. व्हॉल्व्हची नोंद, एक खुणेचा आकडा आणि बेरीज-तपासणी एवढे तेथे ठेवा. व्होल्टेज बसताना रॅममधील काही बिट बदलू शकतात, म्हणून बेरीज-तपासणी जुळल्याखेरीज त्या नोंदीवर विश्वास ठेवू नये. रीसेट कशामुळे झाला हे सांगणारे झेंडेही असेंब्लीत घाईने वाचून ठेवण्याची गरज नाही, कारण आपण ते मुद्दाम पुसेपर्यंत आरसीसीच्या (घड्याळ व रीसेट सांभाळणाऱ्या भागाच्या) रजिस्टरमध्ये तसेच राहतात. व्हॉल्व्हचे टास्क सुरू झाल्यावर त्याने निवांत वाचावेत.

अनेर

आरआयएससी-५ चा प्रश्न राहिला आहे. मी क्यूईएमयू या, संगणकावर दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या ‘व्हर्ट’ यंत्रावर प्रयोग करतो आहे. तेथे सी मधील फंक्शनवर थेट उडी मारली तर पहिल्याच ओळीत सगळे कोसळते. तेथे असेंब्ली टाळता येणारच नाही का?

वाघूर

नाही, पण ती फार थोडी लागते. आरआयएससी-५ मध्ये रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर कोणीही लावून देत नाही, आणि सी चे फंक्शन पहिल्याच सूचनेत स्टॅकवर काहीतरी ठेवू पाहते. म्हणून स्टॅक पॉइंटर असेंब्लीत लावावाच लागतो, तोही १६ बाइटांच्या सीमेवर. दुसरे रजिस्टर जीपी, म्हणजे ग्लोबल पॉइंटर. कंपायलर-लिंकरची जोडी लहान जागतिक चलांचे पत्ते जीपीपासूनच्या अंतराने काढते, त्यामुळे सी मध्ये जाण्याआधी तेही भरलेले असावे लागते. येथे एक बारीक सापळा आहे. जीपीमध्ये पत्ता भरणाऱ्या सूचनेलाच लिंकर ‘सोपी’ करू पाहतो, म्हणजे ‘जीपीपासून शून्य अंतरावरचा पत्ता जीपीमध्ये घाला’ असे तिचे रूपांतर करतो, आणि जीपीमध्ये आधीचा कचरा तसाच राहतो. म्हणून त्या एका सूचनेपुरते हे सोपे करणे बंद ठेवण्याचा निर्देश लिहावा लागतो.

तिसरी गोष्ट, एकाहून अधिक हार्ट (स्वतंत्रपणे सूचना चालवणारे प्रोसेसर) असतील तर सगळे एकाच पत्त्यावरून धावू लागतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवण्यासाठी लिहिलेल्या एक्सव्ही६ या कर्नलची आरआयएससी-५ वरची प्रवेश-फाइल अवश्य पाहा. ती प्रत्येक हार्टचा क्रमांक वाचते, त्यानुसार ४०९६ बाइटांचा वेगळा स्टॅक देते आणि सी मधील फंक्शनला हाक मारते. एवढेच. मोड बदलणे, व्यत्यय सोपवणे वगैरे सारे नंतर सी मध्ये येते. छोट्या कर्नलचा प्रवेश किती लहान असू शकतो याचे तितके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आपल्या पेटीत एकच हार्ट असेल तर तोही हिशेब गळतो.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण काम झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

कॉर्टेक्स-एम३ वरची प्रवेशाची असेंब्ली फाइल पूर्ण गेली. तिच्या जागी सी ची अडतीस ओळींची फाइल आहे आणि तीत वाघूर सरांनी सांगितलेला क्रम आहे, त्यातही डेटाची नक्कल आधी आणि बीएसएस नंतर. असेंब्ली आता फक्त पेंड-एसव्हीच्या हँडलरमध्ये उरली आहे. एआरएम-७ चा भाग काढताना मन जड झाले, पण तो बोर्ड आता आमच्याकडेही नाही. स्टॅकमध्ये नक्षी भरण्याचे काम कर्नल टास्क तयार करताना त्या त्या स्टॅकपुरते करते.

वाटेत एकदा अडखळलो. व्हेक्टर टेबल सी च्या अ‍ॅरेमध्ये आणल्यावर पेटी पूर्ण निपचित पडली. न वापरलेले विभाग गाळण्याचा लिंकरचा पर्याय आम्ही लावलेला आहे, आणि कोडमध्ये या अ‍ॅरेचे नाव कोणीच घेत नसल्याने लिंकरने तो गाळून टाकला होता. फ्लॅशच्या सुरुवातीला, ०८०००००० वर, एका भलत्याच फंक्शनचा कोड येऊन बसला होता आणि प्रोसेसर त्याचे पहिले चार बाइट स्टॅकचा पत्ता समजत होता. स्क्रिप्टमध्ये तो विभाग ‘कीप’ने राखल्यावर प्रश्न मिटला. सोबत एक तपासणीही जोडली. बिल्ड झाल्यावर इमेजचे पहिले दोन शब्द वाचायचे. पहिला रॅमच्या टोकाचा पत्ता नसेल किंवा दुसऱ्याचा शेवटचा बिट एक नसेल, तर बिल्ड नापास.

मेहरूण भाऊंच्या सूचनेनुसार टेबलावर एक रिले लावून पेटीची वीज आलटून पालटून तोडली. कधी २० मिलिसेकंद, कधी दहा सेकंद, आणि दिवसातून दोनदा हाताने वायर काढून अर्धा तास. क्रिस्टलचा एक पाय उचलूनही पाहिले. पेटी ८ मेगाहर्ट्झवर उठली आणि तशी ओळ मोडेमवरून आली.

सुकी नदी दादांच्या शेतातील एका पेटीत नवे फर्मवेअर घातले आहे. व्हॉल्व्हचे टास्क आता उठल्यावर आधी दाब पाहते. दाब असेल आणि नोंद जुळत नसेल तर ज्या ओळीचे पाणी ठरलेले आहे तिचा व्हॉल्व्ह उघडते आणि मगच बाकीचे मिटवते. परवा रात्री पावणेतीनला मोटर सुरू होताना व्होल्टेज बसले, मोडेम अडकला आणि वॉचडॉगने रीसेट केला. चौदा सेकंदांनी माझ्या फोनवर ओळ आली : रीसेटचे कारण वॉचडॉग, घड्याळ ७२, नोंद जुळली, व्हॉल्व्ह तीन उघडा.